विचारायला आमच्याकडे, घ्यायला फोनवर

आमचं शिलाई मशीनचं दुकान सदर बाजारातल्या एका बोळीत आहे. सासऱ्यांनी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते काढलं. मी वर्ध्याकडून लग्न होऊन रायपूरला आले तेव्हा ते जोरात चालत होतं. राज्य नवं होतं, शहर राजधानी झालं होतं, आणि रोज कुठून ना कुठून नवी बिऱ्हाडं येऊन राहिली होती. त्यातल्या एखाद्या तरी बाईला आपल्या घरचे पडदे आपणच शिवावे असं वाटायचं. हे, म्हणजे माझे यजमान, मशीन विकायचे आणि दुरुस्तही करायचे. मी गिऱ्हाइकाला ते चालवून दाखवायची. आणि सासूबाई दाराजवळ खुर्ची टाकून बसायच्या. दारावरून जाणाऱ्या बाईने नुसतं मान वळवून पाहिलं तरी त्या म्हणायच्या, "या ना, बसा. बघायचे पैसे नाही लागत."

पुढे लोकांच्या फोनमध्ये बाजार आला, तेव्हा हे वाक्य आम्हाला चांगलंच महागात पडू लागलं.

लोक यायचे, बसायचे, दोन-चार मशीन चालवून बघायचे. जाड कापडावर कोणतं चालेल, मोटर कोणती बरी, टाके का तुटतात, सगळं विचारून घ्यायचे. नवरा-बायको आले असले तर बायको माझ्याशी बोलायची आणि नवरा खांबाआड उभा राहून मशीनवरच्या नाव-नंबराच्या पट्टीचा फोटो काढायचा. मग दोघं उठून म्हणायचे, "घर में पूछ के बताते हैं भैया." घरी विचारून परत आलेलं माणूस मी तरी पाहिलं नाही.

एकदा तर कमालच झाली. एक गृहस्थ असेच तासभर बसून, चहा पिऊन गेले होते. थोड्या दिवसांनी त्यांचा फोन आला. "भैया, वो जो मशीन आपने दिखाई थी, उसमें नीचे का धागा ऊपर कैसे आता है?"

हे म्हणाले, "पर आपने तो ली नहीं."

"ली ना! ऑनलाइन मंगवाई."

यांनी फोन कानापासून दूर धरून माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी हात पुढे करून फोन घेतला आणि त्या गृहस्थांना शांतपणे समजावलं, वरचा दोरा डाव्या हाताने धरा, चाक आपल्याकडे एकदा फिरवा, खालचा आपसूक वर येतो. पलीकडून "आ गया! आ गया अम्माजी!" असा आनंदाचा आवाज आला. सासूबाईंना एवढं बरं वाटलं, जसा काही त्यांचाच दोरा वर आला.

"आजपासून दाखवणं बंद," हे म्हणाले. "आधी मशीन घेऊ द्या, मग शिकवा."

"काहून रे बाप्पा?" सासूबाई म्हणाल्या. "माणूस तोंडानं इचारून राहिला तं सांगा नाही का लागत? का त्याले चूप बस म्हणू?"

"तो इचारते इथं अन घेते तिथं!"

"घेऊ दे ना. आपल्याले इचारते हे काय कमी हाय?"

यांना ते फार कमी वाटत होतं. पण दुसऱ्या दिवशी दुपारी हे बँकेत गेले आणि सासूबाईंनी दारावरच्या एका बाईला आत बोलावलं, तेव्हा तो नियम मोडलाही.

ती बाई मूळ नागपूरची. नव्या शहरात, नवा रायपूरला, तिचं ऑफिस होतं आणि आमच्या शहरात येऊन तिला फार दिवस झाले नव्हते. मराठी ऐकून तिचा चेहराच खुलला. मी तिला झाडून सगळी मशीनं दाखवली. तिने प्रत्येकावर एक चिंधी शिवून पाहिली, आवाज ऐकला, उचलून वजन पाहिलं. एक पांढरं, छोट्या चणीचं, विजेवर चालणारं मशीन तिच्या मनात भरलं. तेवढ्यात हे परत आले आणि काउंटरमागे उभे राहिले.

बाई उठली, ओढणी सावरली आणि मोकळेपणाने म्हणाली, "ताई, फार मदत झाली तुमची. मला हेच हवं होतं. आता मी घरी जाऊन ऑनलाइन मागवते."

आजवर हे काम सगळे चोरून करत आले होते. तोंडावर सांगून जाणारी ही पहिलीच.

"तिथं एक ऑफर चालू आहे," तिने यांच्याकडे वळून समजावलं. "दादा, तुम्हाला राग नाही ना आला?"

हे म्हणाले, "नाही नाही. या परत." आणि ती गेल्यावर आधीच स्वच्छ असलेलं काउंटर बराच वेळ पुसत राहिले.

आठवडा झाला असेल. कुरिअरवाल्याने एक मोठा खोका दारात आणून ठेवला. यांना वाटलं, कंपनीकडून माल आला. सही करून घेतला, वरची पट्टी वाचली, आणि मटकन खाली बसले. खोक्यावर त्या बाईचं नाव होतं आणि पत्ता आमच्या दुकानाचा.

मी तिला फोन लावला. ती म्हणाली, "आलं का? वा! ताई, मीच दिला पत्ता. आमच्या घरी दिवसभर कोणी नसतं हो. म्हटलं, तुमच्याकडे आलं तर तुम्ही उघडूनही बघाल. बघाल ना?"

यांना सांगितलं तेव्हा हे उभे राहिले. "म्हणजे दुकान आपलं, शिकवणारे आपण, चहा आपला, अन आता गोदामबी आपलंच!"

सासूबाईंना हसू आवरेना. पदर तोंडावर धरला तरी खांदे हलत होते. त्यांना पाहून मी हसायला लागले. हे आधी माझ्यावर डाफरले, मग खोक्याकडे पाहिलं, पुन्हा पट्टी वाचली, आणि यांच्याही पोटातून जे हसू निघालं ते थांबेचना. समोरचे सोनार काका गिऱ्हाईक सोडून विचारायला आले, काय झालं म्हणून. त्यांना सांगितलं तर तेही भिंतीला टेकून हसले.

शनिवारी ऑफिसला सुट्टी, म्हणून ती दुपारी आली. हातात जिलेबीचा पुडा आणि बरोबर तिची लेक, पहिली-दुसरीतली. सासूबाईंनी मराठीत विचारलं, "काय गं पोट्टे, जेवली का?" पोरीला सगळं कळलं, पण उत्तर हिंदीत आलं, "हाँ दादी, और मैं हाथी बनूँगी."

तेव्हा कुठे कळलं, हे मशीन कशासाठी. शाळेचं गॅदरिंग होतं. जंगलाचं नाटक बसवलं होतं आणि पोरीच्या वाट्याला हत्ती आला होता. भाड्याने मिळणारा हत्ती मोठ्या मुलांच्या मापाचा. त्यात ही पोरगी उभी राहिली की फक्त हत्ती दिसायचा, तोही पेंगुळलेला. आई म्हणाली होती, मी शिवते. आयुष्यात तिने बटणाखेरीज काही शिवलं नव्हतं.

ती राखाडी कापड आणि स्पंजचा तुकडा घेऊन मशीनवर बसली. मी शेजारी. हे लांब स्टुलावर पेपर वाचत, कारण त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं, "त्या मशीनले मी हात नाही लावणार." कापड शिवलं गेलं, पण स्पंज मशीनच्या, सुईजवळ कापड दाबणाऱ्या पायाखाली अडकायला लागला. सुई टाके सोडायला लागली, खाली दोऱ्याचा गुंता झाला. मी गुंता काढायची, ती पुन्हा चालवायची, पुन्हा गुंता. पोरगी विचारायची, "मम्मी, सूँड कब बनेगी?"

पेपरचं पान बराच वेळ उलटलं नव्हतं, हे मी पाहत होते.

"अहो, असं नाही," शेवटी हे म्हणाले. "स्पंजवर कागद ठेवा लागते. द्या इकडं." आणि तोच पेपर टरकन फाडून त्यांनी स्पंजवर पसरला, कागदावरून शिलाई मारली, मग कागद ओढून काढला. टाके सरळ, एकही सुटलेला नाही. बाई टाळ्या वाजवायला लागली.

त्यानंतर हे उठलेच नाहीत. सोंड नुसती भरली तर काठीसारखी दिसते, ती हलली पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात आलं. समोरच्या बांगडीवाल्याकडून प्लॅस्टिकच्या बांगड्या मागवल्या, मोठ्यापासून पार बाळाच्या मापापर्यंत, आणि सोंडेच्या आत ओळीने टाकून एकेक शिवली. आतून एक दोरी सोडली. दोरी ओढली की सोंड वर जाऊन सलाम करायची. पोरीला घालून दाखवलं. तिने दोरी ओढली, सोंड वर गेली, आणि ती एवढ्या जोरात किंचाळली की बोळीतल्या दोन स्कूटर थांबल्या.

सासूबाई म्हणाल्या, "कान माह्याकडं द्या." दोन्ही कान त्यांनी हाताने टाचले.

गॅदरिंगचं आमंत्रण आम्हा तिघांनाही होतं. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पडदा उघडला, सिंह आला, माकडं आली, आणि मग आमचा हत्ती. त्याचं काम एवढंच होतं की झाडाजवळ उभं राहायचं आणि शेवटी एकदा सलाम करायचा. पण दोरी हातात होती. सिंह आपलं भाषण करत होता, हत्तीने सलाम केला. प्रेक्षक हसले. हत्तीने पुन्हा केला. सिंह भाषण विसरला, माकडं हसू लागली, पडद्याआडून शाळेच्या बाई हातवारे करत होत्या, आणि हत्ती प्रत्येक हशाला सलाम करत होता. हे खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवत होते. शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "सूँड हमारे दुकान की है. अंदर चूड़ियाँ डाली हैं, चूड़ियाँ!"

नाटक संपल्यावर आयांनी त्या बाईला घेरलं. कुठून आणला, कोणी शिवला? तिने सरळ यांच्याकडे बोट दाखवलं. यांना एवढ्या बायकांमध्ये कसं उभं राहावं ते कळेना. तरी चेहरा असा होता की मी तो आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

पुढच्या आठवड्यापासून त्या एकेक करून दुकानात यायला लागल्या. कोणी घरात पडून असलेलं मशीन घेऊन, कोणी नुसतं विचारायला, कोणी ऑनलाइन आलेला खोका न उघडताच. एके दिवशी हेच मला म्हणाले, "दुपारी दुकानात गर्दी नसते. दोन तास शिकवणी काढू. फी घेऊ. मशीन कुठूनबी घ्या म्हणा." मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या शेंगदाणे सोलत होत्या. म्हणाल्या, "मले खुर्चीवर गादी पाहिजे मंग. दिवसभर बसा लागन."

तसं झालं. फोनवरून मशीन घेणारे आजही घेतात. पण शिकवणीत निरनिराळ्या मशीनवर बसून झाल्यावर बऱ्याच जणी आमच्याकडूनच घेऊन जातात, आणि ज्या नाही घेत त्यांच्यावर हे आता रुसत नाहीत. त्यांचा राग फक्त वाकड्या शिलाईवर निघतो. "ये सड़क है कि सिलाई?" असं ओरडतात, आणि सगळ्या बायका हसतात.

परवाच गुढियारी मोहल्ल्यातली एक नवी नवरी पहिल्यांदा सरळ शिलाई मारू शकली. चांगली झाली का, असं छत्तीसगढीत तिने सासूबाईंना विचारलं, "बने हे का, दाई?"

"हव, लई बने हे," सासूबाई म्हणाल्या.

झालं. तिने मशीनचा पाय उचलला, कापड हातात घेतलं आणि बाहेर स्कूटरवर वाट पाहत असलेल्या आपल्या सासूला दाखवायला धावत सुटली. दोरा तोडायचा राहिला होता. इकडे रीळ गरागरा फिरायला लागलं, तिकडे लाल दोरा दारातून बोळीत निघाला. हे मागून ओरडले, "अरे धागा! धागा तो काटो!" सोनार काकांनी दोरा डोक्यावरून उंच धरला, एक मोटारसायकलवाला खाली वाकून त्याच्याखालून निघाला, आणि ती पोरगी स्कूटरजवळ उभी राहून, कापड दोन्ही हातांनी ताणून, आपली शिलाई दाखवत होती.