टपोरे दाणे

धावडा गावच्या आमच्या रानात साध्या ज्वारीच्या कडेला आबा दोन ओळी हुरड्याच्या ज्वारीच्या पेरायचे. बियाणं त्यांच्या वडिलांपासूनचं, घरचंच. तो हुरडा इतका गोड, की वर साखर मागणाऱ्याला माझे हे वडील आगटीपाशी बसू द्यायचे नाहीत!

एका वर्षी आई आजारी पडली आणि बियाणं निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी आठवीत, अंगात भारी शहाणपण. सूप मांडीवर घेऊन पाहते तर काय, बहुतेक दाणे सुरकुतलेले, पिचके. असलं बियाणं कुणी पेरतं का? सगळे पिचके कोंबड्यांना टाकले, थोडेसे टपोरे होते तेवढे डब्यात भरले. "बराबर निवडलं," असं वर ऐटीत सांगितलं.

पुढच्या थंडीत आबांनी भाजलेलं कणीस चोळलं, दाणे तोंडात टाकले आणि चावता चावता थांबले. "गोडी गेली," म्हणाले. रानाला बोलले, खताला बोलले, स्वतःलाही बोलले. मला कुणीच नाही. तरी दरसाल तीच ज्वारी पेरत राहिले, आणि लग्न होईपर्यंत दरसाल मी टपोरे दाणे निवडून देत राहिले.

आता मी जालन्यात बियाणांच्या प्रयोगशाळेत आहे. तिथंच कळलं, की अशा ज्वारीत साखरेचा स्टार्च करणारं एन्झाइम एका जनुकामुळं अधू असतं. साखर दाण्यात तशीच राहते, म्हणून तो गोड; आणि वाळला की पिचतो. टपोरे दाणे म्हणजे शेजारच्या साध्या ज्वारीचा पराग लागलेले. आबांची गोडी मीच कोंबड्यांना घातली होती!

रविवारी गावी जाऊन सगळं कबूल केलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण आबा म्हणाले, "मंग त्या टपोऱ्यांत गोडी दडून राह्यली असंल का?"

"थोड्यांत असेल, आबा. त्यांच्या कणसांत एखादा पिचका दाणा निघतो, गोडी त्यातच."

यंदाचं बियाणं निवडायचं बाकीच होतं. त्यांनी डबा सुपात ओतला आणि सूप माझ्यापुढं सरकवलं. "निवड मंग. औंदा उलटं निवड."

सांजेपर्यंत सतरा पिचके दाणे निघाले. त्यातले काही नुसतेच न भरलेले असणार, पण मी बोलले नाही. आबांनी ते मुठीत घट्ट धरले.

"ह्ये कोंबड्यांना न्हाई घालायचे बरं का, माय," म्हणाले आणि हसले. मला मात्र रडू फुटलं.