शेजारच्या खोलीतली गायिका

नवा स्पीकर कसा आहे असं कोणी विचारलं, की मापकाकांचं एकच उत्तर असे: ठेवून जा, मोजून सांगतो. रेडिओदुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर त्यांनी घरातल्या मागच्या खोलीच्या भिंतींना गाद्या टांगल्या आणि मधोमध काठीवर मायक्रोफोन उभा केला. खर्जापासून अगदी बारीक सुरापर्यंत एकेक सूर वाजवून ते कागदावर रेष काढत. रेष सपाट आली तर यंत्र इमानदार. खड्डा पडला तर तिथला आवाज यंत्राने गिळला. कागद वाचनालयाच्या फळ्यावर लागे, मग कंपनी कितीही मोठी असो. दुकानदाराने भेट म्हणून धाडलेला स्पीकर मात्र दारातूनच परत जाई.

अशाच एका कागदाने चौकातल्या दुकानदाराचा माल पडून राहिला. तो भांडला नाही. वाचनालयात चार माणसांदेखत गोड हसून म्हणाला, "काका, जगाचं मोजता. तुमच्या बैठकीतली जोडी कधी मोजलीत?"

ती स्पीकरची जोडी काकांनी बावीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने बनवली होती, आणि आपल्या हातचं काय मोजायचं, असा त्यांचा खाक्या होता. काकू पहिल्या दिवसापासून म्हणत, गाणारी बाई शेजारच्या खोलीत बसल्यासारखी वाटते. काका त्यांना कान तपासून घ्यायला सांगत. आता जोडी नापास झाली तर फळ्यावरच्या कागदांची किंमत शून्य होणार होती. आणि मोजलीच नाही, तर ती आजच शून्य झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी मोजायला घेतलं. रेष मजेत चालली होती, आणि गळ्याची धार कळते नेमकी तिथेच धपकन खाली आली. काकांनी मायक्रोफोन बदलून पाहिला, खड्डा काही हलेना. मागचं झाकण उघडलं, तर बारीक सुरांच्या छोट्या कर्ण्याच्या तारा उलट्या. मोठा कर्णा हवा पुढे ढकली तेव्हा छोटा मागे ओढी, आणि दोघांच्या हद्दीवरचा आवाज मधल्यामध्ये मरे. दुसऱ्या खोक्यातही तेच. ही चूक दुसऱ्या कोणाची असती, तर काकांनी महिनाभर त्याची टर उडवली असती.

तारा सरळ करून त्यांनी जोडी बैठकीत ठेवली आणि काही न सांगता गाणं लावलं. काकूंनी हातातलं शिवण खाली ठेवलं.

"आली बाई एकदाची या खोलीत," त्या म्हणाल्या.

काकांना हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले.

संध्याकाळी फळ्यावर दोन कागद लागले, आधीचा आणि नंतरचा. दुकानदार हसायच्या तयारीनेच आला होता. त्याने खालचा शेरा दोनदा वाचला आणि आपला पडून राहिलेला स्पीकर उद्या उघडून पाहाल का, असं हळूच विचारलं.

शेरा असा होता: "दोष बनवणाऱ्याचा. पहिली तक्रार बायकोची, बावीस वर्षांपूर्वी. तिचे कान उत्तम आहेत."