लीलावतीबाई आणि पाच टक्के

लीलावती कारखानीस यांनी बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात एकतीस वर्षं छातीच्या विकारांच्या वॉर्डात नर्सिंग केलं. त्या वॉर्डात चार नंबरच्या बेडवर एक बस ड्रायव्हर होता. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून तो म्हणायचा, "सिस्टर, एकच!" बाईंनी ती एक सिगारेट त्याला कधीच दिली नाही. तो गेला, पण बाईंचं सिगारेटशी वैर कायम राहिलं.

त्यामुळे निवृत्तीनंतर साठवलेले पैसे कुठे ठेवायचे हा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी नातीला बजावलं, "तंबाखूला माझा एक पेनी जाता कामा नये."

नात अन्वी इथेच जन्मलेली, मराठी जमेल तसं बोलणारी. तिने लॅपटॉप उघडला. "आजी, हा ईटीएफ घे. एकच टोपली, आत शेकडो कंपन्यांचे थोडे थोडे शेअर्स. आणि हा एथिकल आहे. टोबॅको नाही, वेपन्स नाही."

"आत कोण कोण आहे?"

"तीनशे ब्याऐंशी कंपन्या. हा यादी कोण वाचतो, आजी?"

आजी वाचते, हे अन्वीला आठवड्याभरात कळलं. पैसे गुंतवून झाल्यावर बाईंनी यादी छापून घेतली आणि रोज दुपारी चहाबरोबर वीस-वीस नावं निकालात काढायला बसल्या. प्रत्येक कंपनी काय बनवते ते टॅबलेटवर शोधायचं आणि पेन्सिलीने टिक करायची. त्यांचे यजमान रघुवीर समोर बसून म्हणायचे, "लग्नाआधी माझी एवढी चौकशी केली नव्हतीस."

"तीच चूक झाली," बाई मान वर न करता म्हणायच्या.

दोनशे सतराव्या नावाला पेन्सिल थांबली. हॅल्बर्न फायबर्स. गाद्यांचा कापूस, गाड्यांचे फिल्टर आणि सिगारेटच्या टोकाला लावायचा फिल्टर!

बाईंनी फंडाच्या हेल्पलाइनला फोन लावला. फोन तिघांकडून फिरला आणि चौथ्या माणसाने नाव सांगितलं, अनुप देवस्थळी. बाईंनी तिथल्या तिथे इंग्रजी सोडलं.

"देवस्थळी, हे सिगारेटवाले आपल्या फंडात काय करतायत?"

 पलीकडून अगदी पुणेरी मराठीत उत्तर आलं, "काकू, त्यांचं तंबाखूशी संबंधित उत्पन्न पाच टक्क्यांच्या आत आहे. नियमाप्रमाणे तेवढं चालतं."

"तुमची आई चतुर्थीचा उपवास करते का?"

"करते ना."

"तिच्या साबुदाण्याच्या खिचडीत पाच टक्के मटण घातलं तर चालेल का तिला?"

अनुपला हसू आवरेना. "काकू, हे मी आमच्या मीटिंगमध्ये सांगू का?"

"जरूर सांगा. माझं नाव घालून सांगा."

"बरं. नियम माझ्या हातात नाहीत आणि दुसरा फंड सुचवायची मला परवानगी नाही. पण प्रत्येक फंडाचे नियम लिहिलेले असतात. पाचच्या जागी शून्य लिहिलंय का, ते बघून घ्या."

बाईंनी असा फंड शोधायला अन्वीला बसवलं. मिळाला, पण त्याची वर्षाची फी थोडी जास्त होती. "चारित्र्याचा भाव चढाच असतो," रघुवीर म्हणाले. बाईंनी जुने युनिट विकून नवे घेतले आणि पुन्हा पहिल्या नावापासून पेन्सिल धरली.

वर्ष सरलं. अन्वी बिचकत आली. "आजी, सॉरी. जुनी फंड जास्त वर गेली. तुझी कमी."

"किती कमी?"

तिने आकडा सांगितला. बाईंनी मनात हिशेब केला. "म्हणजे एका साध्या हॉलिडेएवढे. तुझ्या आजोबांना नाही तरी विमानात मळमळतं."

हॅल्बर्न जुन्या फंडात अजूनही आहे. अनुपने मीटिंगमध्ये खिचडी मांडली, सगळे हसले आणि नियम तसाच राहिला. बाईंना याचा राग आला आणि तो त्यांनी लपवला नाही. महाराष्ट्र मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्यांनी सरळ विषय काढला. आता महिन्यातून एकदा सात-आठ बायका आपापल्या फंडांच्या याद्या घेऊन बसतात. वाद इतके रंगतात की चहा गार होतो. शीतपेयांच्या कंपन्या चालतील की नाही यावरून तर दोघींनी महिनाभर अबोला धरला.

मागच्या रविवारी अन्वीचा फोन आला. "आजी, माझा ऑफिसचा पेन्शन कुठे कुठे जातो ते आज बघितला. तू बसली आहेस ना?"

"थांब," बाई म्हणाल्या, "चष्मा लावते."