कोऱ्या बिलाचा पुरावा

ती केस मी विसरलेले नाही, कारण तिच्यात मी चुकता चुकता वाचले.

शहरातल्या धंतोली भागात मुदत संपलेल्या औषधांवर नव्या तारखा छापून विक्री चालली आहे, अशी खबर मिळाली. दुकान कोणतं, ते खबऱ्याला ठाऊक नव्हतं. दोनच दिवसांत यवतमाळकडचे एक शिक्षक आईच्या गोळ्यांची पट्टी घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आले. तारीख खोडलेली स्पष्ट दिसत होती. त्यांनी दुकानाचं नाव ठामपणे सांगितलं आणि बिल म्हणून एक कागद दिला. प्लास्टिकच्या पाकिटात, उन्हाळ्यात राहून त्याची छपाई पार उडाली होती. पंचनाम्यात मी 'बिल अस्पष्ट' असं लिहवलं आणि पुढे गेले.

दुकान एका बाईंचं होतं. उमरेडच्या विणकर घरातल्या, फार्मसी शिकून स्वतःच्या हिमतीवर उभ्या राहिलेल्या. गुन्हा दाखल झाला असता तर परवाना गेला असता आणि नावही. मी त्यांना जबाबासाठी बोलावलं. दोषी माणूस फार बोलतो, निर्दोष बहुधा घाबरतो. या बाई विचारलं तेवढंच सांगत होत्या. शेवटी त्यांनी बिल मागितलं आणि कागद दोन बोटांत चोळला.

"मॅडम, हे माह्या दुकानाचं नाही. हा गुळगुळीत रोलचा कागद आहे. माहं मशीन ठोकून छापते."

मी दुकानात गेले. काउंटरवर जुन्या पद्धतीचा, फितीवर टाचण्या आपटणारा प्रिंटर करकरत होता. बिलाची मशीनं विकणाऱ्यांनी बाईंना चकचकीत स्क्रीन आणि आवाज न करणारे छोटे प्रिंटर दाखवले होते. बाईंनी एकच प्रश्न विचारला होता, आपल्या उन्हात बिल किती दिवस टिकते? त्यांचे पेशंट विदर्भभरातून येत. विम्यासाठी, गावच्या डॉक्टरांना दाखवण्यासाठी बिल महिन्यांनंतर लागे. म्हणून त्यांनी संथ, पण कार्बन प्रत देणारं मशीन घेतलं. शेजारीण चिडवायची, "काहून वं, गिरणी लावली का?" या म्हणायच्या, "हो, दळण घेऊन ये."

प्रती महिन्यावार बांधलेल्या होत्या. प्रत्येकीवर औषधाचा बॅच नंबर होता. औषध निरीक्षकांनी खरेदीची कागदपत्रंही तपासली. शिक्षकांच्या पट्टीचा बॅच त्या दुकानात कधी आलाच नव्हता. मी त्या कोऱ्या बिलाच्या कडेवर नख ओढलं. काळी रेघ उमटली. उष्णतेने छापणाऱ्या मशीनचाच कागद होता तो.

मग पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते शिक्षकांना विचारलं, दुकानात तुम्ही स्वतः गेला होता का? नव्हते गेले. रुग्णालयाबाहेरच्या एका दलालाने औषध आणून दिलं होतं आणि दुकानाचं नावही त्यानेच सांगितलं होतं. त्या दलालाला समोर बसवलं. थोडा वेळ तो आढेवेढे घेत राहिला, मग नंदनवन वस्तीतल्या एका खोलीचा पत्ता त्याने दिला. मुद्देमाल तिथेच सापडला. बाईंचंच नाव का सांगितलं, असं मी दलालाला विचारलं.

"त्यांचं नाव घेतलं की पेशंट काही विचारतच नाही, मॅडम."

इतकं चोख प्रमाणपत्र मी नोकरीत दुसऱ्या कुणाला मिळालेलं पाहिलं नाही.

कागद वाचता येत नसला तरी निदान हातात घेऊन बघावा, हे मी त्या बाईंकडून शिकले. स्वेच्छानिवृत्तीनंतर मी बेसा भागात मिक्सर-कुकरचं दुकान काढलं. बिलाचं मशीन विकायला आलेल्या माणसाला विचारलं, वॉरंटी दोन वर्षांची आहे, बिल तेवढं टिकेल का? तो हसला. "एवढे दिवस बिल कोण ठेवते, मॅडम?"

मी त्याला धंतोलीतल्या त्या दुकानाचा पत्ता लिहून दिला. तिथलं मशीन बघून ये, म्हटलं, आणि तसंच घेऊन ये.