चिमीची पावलं

उस्तादांनी शिवलेला बूट चावत नाही, असं सगळा बाजार म्हणायचा. म्हणून त्यांची धाकटी, चिमी, चालायला लागली आणि तिच्या पावलांवर पाण्याने भरलेले फोड उठू लागले, तेव्हा त्यांना काही सुधरेना. त्यांनी चामडं बदललं, टाच उतरवली. फोड येतच राहिले. उन्हाळ्यात तर पोर गुडघ्यांवर रांगायची. शेजारचा घड्याळवाला गमतीने म्हणाला, "गिऱ्हाइकांना सोडून लेकीलाच चावणारे बूट घालता की काय?" उस्ताद हसले खरे, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

शेवटी बायकोने हट्ट धरला. "बूट बूट काय लावलंय? अनवाणी चालली तरी फोड येतात तिला. मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणजे जायचं."

तिथल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी चिमीचे पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन पाहिले. तपासण्यांचे अहवाल आल्यावर दोघांना समोर बसवलं.

"केराटिन नावाचं प्रथिन असतं," त्या म्हणाल्या. "आपले केस, नखं, घोड्याचे खूर, पक्ष्यांची पिसं, सगळं त्याचंच. कातडीच्या पेशींतही त्याचे धागे असतात. ते पेशीला आतून धरून ठेवतात, म्हणून घासलं तरी ती फाटत नाही. हिच्या कातडीच्या खालच्या थरातले धागे जन्मापासूनच कच्चे आहेत. जरा घासलं की पेशी फुटतात आणि पाणी साठतं."

"म्हणजे दोराच कच्चा," उस्ताद पुटपुटले.

"पण हिचे केस तर एवढे दाट!" बायको म्हणाली.

"केसांचं केराटिन वेगळं, ते झकास आहे. वेण्या घाला खुशाल."

"माझ्या हातून काही चुकलं का, बाई?" उस्तादांनी विचारलं.

"तुमचंही काही चुकलं नाही आणि बुटांचंही नाही."

उस्तादांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुखणं मुळातून बरं होणारं नव्हतं, हे बाईंनी लपवलं नाही. पण पाय थंड आणि कोरडे कसे ठेवायचे, फोडातलं पाणी स्वच्छ सुईने कसं काढायचं, वरची कातडी का सोलायची नाही, सगळं न कंटाळता शिकवलं.

मग उस्ताद कामाला लागले. आतून एकही शिवण नको, बोटांपाशी ऐसपैस जागा हवी, अस्तर लोण्यासारखं हवं. कितीतरी जोड वाया गेले. चिमी राणीसारखी स्टुलावर बसून निकाल द्यायची, "बाबा, इथे टोचतंय. पुन्हा शिवा!" एका संध्याकाळी ती मैत्रिणींबरोबर शाळेतून चालत घरी आली. आईने मोजे काढले, तर करंगळीपाशी मुगाएवढा एकच फोड. नवरा-बायको एकमेकांकडे बघतच राहिले.

पुढे बाई असे आणखी छोटे रुग्ण बुटांसाठी उस्तादांकडे पाठवू लागल्या. चिमी शिकली, चित्रकलेची शिक्षिका झाली. उन्हाळा तिला अजून छळतो, पण ती कुठे अडून बसत नाही.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी उस्ताद सहकुटुंब दवाखान्यात गेले. चार वाक्यं पाठ करून आले होते, पण "बाई, तुम्ही..." इथेच गाडी अडली.

"तुम्ही नसतात तर बाबा अजून स्वतःलाच दोष देत बसले असते," चिमी म्हणाली.

"आणि हे नसते तर माझी पोरं काय घालून फिरली असती?" बाईंनी उस्तादांचे राठ, घट्टे पडलेले हात हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.