वहिनींची गरम पाण्याची पिशवी

दादाच्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, एक चौकोन आहे. तिथली कातडी कडक, डागाळलेली, मधूनच फुटणारी. याचं श्रेय आमच्या घरात वर्षानुवर्षं वहिनींच्या गरम पाण्याच्या पिशवीला मिळत आलं. ते चूक आहे, आणि हे मला जवळजवळ पहिल्यापासून ठाऊक होतं.

दादाच्या अँजिओप्लास्टीला हॉस्पिटलात मीच होतो. नस हट्टी निघाली, काम फार लांबलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "एक्स-रे बहुत देर चला है. कुछ महीने पीठ देखते रहना, लाल हो तो बताना." मी मान डोलावली आणि पेढे आणायला पळालो. पुरानी बस्तीतल्या घरी येऊन सगळं सांगितलं, पाठीचं सोडून.

काही आठवड्यांनी पाठ लाल झाली. वहिनी रोज दादाची पाठ शेकायच्या. डाग चौकोनी, पिशवीही चौकोनी. आणखी पुरावा कशाला? मीच म्हणालो, "वहिनी, दादाले शेकून राहिल्या का भाजून?"

घर खदखदून हसलं. त्या हशातच मला डॉक्टरांचे शब्द आठवले. पण विनोद इतका जमला होता की मोडवेना. भाजल्याचं मलम सुरू झालं. पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक सत्यनारायणाला कोणीतरी विचारायचंच, "आज काय भाजलं, वहिनी?" त्याही हसायच्या. पिशवीला मात्र पुन्हा हात लावला नाही, स्वतःचे गुडघे धरले तरी.

परवा जखम भरेना म्हणून आम्ही तिघं कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. चौकोन पाहताच त्यांनी विचारलं, "बाबूजी, एंजियोप्लास्टी लंबी चली थी क्या? ये एक्स-रे का असर है."

मग मी तिथेच सगळं सांगून टाकलं.

"तुमाले मालूम होतं, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "काहून नाही सांगितलं?"

"सगळे हसून राहिले होते."

"मीबी हसत होती. मले वाटे, नवऱ्याले खरंच मीच भाजलं."

दादा शर्टाच्या गुंड्या लावत म्हणाला, "मले तर पिशवी कधी गरम लागलीच नाही. तेव्हाच बोललो होतो. ऐकतं कोण?"

वाटेत मी नवी पिशवी घेतली. घरी पोचताच वहिनींनी मला फोन घेऊन बसवलं: एकेका नातेवाइकाला खरं काय ते सांगायचं, वहिनींसमोरच. पहिल्याच फोनवर पुतण्या म्हणाला, "काका, अब जोक किस पर मारेंगे?"

वहिनी पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघ्यावर पिशवी.

"स्पीकर चालू ठेवा, भाऊजी," त्या म्हणाल्या.