कल्याणहून ठाण्याला, पाण्याने

ठाण्याला टेंभी नाक्याजवळ आमच्या शेजारी त्र्यंबक ताम्हाणे राहत असे. कलेक्टर कचेरीत तो जमिनींच्या नकाशांच्या नकला काढायचा आणि घरी आला की गच्चीवर जाऊन खाडीकडे बघत बसायचा. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून त्याने फोटोची पेटी घेतली, तेव्हा सगळी आळी खूश झाली. मी तर लग्नातली जरीची पगडी घालून त्याच्या दारात जाऊन बसलो. तासाभराने हा बाहेर आला आणि म्हणाला, "माणसांचे फोटो मी काढत नाही रे. माणसं हलतात." मला असा संताप आला की आठवडाभर मी त्याच्याशी बोललो नाही. एवढी खर्चिक पेटी घ्यायची, आणि फोटो कुणाचा, तर झाडांचा! खुळाच होता, दुसरं काय.

पण त्याच्या खुळाला कारण होतं. त्याची आई, आवडाकाकू, पडल्यापासून अंथरुणाला खिळली होती. एक डोळा कधीच गेला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू उतरत होता. दसऱ्यापर्यंत जेमतेम दिसेल, असं वैद्यांनी सांगितलं होतं. काकूचं माहेर कल्याणचं. आगगाडी येण्याच्या कितीतरी आधी, नऊ वर्षांची असताना, ती होडीत बसून ठाण्याला सासरी आली होती. माहेरची माणसं वर्षाच्या आत पटकीने गेली, घर पडलं, आणि पुन्हा तिकडे जाण्याचं कारणच उरलं नाही. आता अंधारू लागल्यावर तिने एकच धोशा लावला होता, "मला एकदा त्या पाण्याने ने रे."

तिला उचलून होडीत घालणं शक्य नव्हतं. म्हणून ते पाणीच तिच्या उशाशी आणायचं, असं त्र्यंबकने ठरवलं. सहा फोटो, जास्त नाहीत. सगळे एकाच मापाचे, सकाळच्या एकाच वेळचे, आकाश आणि पाणी प्रत्येकात सारख्याच उंचीवर मिळालेलं. एकापुढे एक ठेवले की वाट झाली पाहिजे, असं तो म्हणे.

काळं कापड धरायला त्याला कुणीतरी हवं होतं. पगडीचा राग गिळून मी गेलो. कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याखालचा घाट, डोंबिवलीच्या बाजूची भातखाचरं, मुंब्र्याच्या डोंगरावरून दिसणारा खाडीचा वळसा, कळव्याची मिठागरं. कापडाखाली मीही एकदा डोकं घातलं. आत काचेवर सगळं उलटं होतं. खाडी वर, आभाळ खाली, आणि एक होडी त्या आभाळावर निवांत लटकलेली. बाहेर यावंसंच वाटेना. त्र्यंबकने ओढून काढलं तेव्हा क्षणभर सरळ जगच मला चुकीचं वाटलं.

फोटो फार सुरेख आले. खिडकीपाशी उजेडात त्याने एकेक आईच्या हातात दिला. काकूने तो डोळ्याशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

"छान आहे हो," ती म्हणाली. "कुठलं रे हे?"

त्र्यंबकचा चेहरा पाहवेना. मला काकूचाच राग आला. मी फटकन म्हणालो, "अहो काकू, तुमचीच वाट आहे ही! या वाटेने आलात ना तुम्ही?"

"आले. पण मी हे पाहिलं कुठे?" ती म्हणाली. "तुम्ही ठाण्याकडे तोंड करून काढलंत. माहेर सोडणारी पोर पुढे कशाला बघेल? ठाण्याकडे पाठ करून बसले होते मी. आणि एवढ्या उंचावरून कुठली? होडीच्या कडेवरून नाक तेवढं वर यायचं माझं."

खरंच की! आम्ही दोघे जन्मभर पुढे तोंड करून प्रवास करणारे पुरुष. आम्हाला हे सुचावं कसं?

त्र्यंबकने पुन्हा रजा काढली. या खेपेला गणू नावाच्या कोळ्याची होडी ठरवली. पेटी फळीवर, नऊ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांइतक्या उंचीवर बांधली, तोंड कल्याणकडे. चालत्या होडीतून फोटो निघेना. भरती पुरी होऊन ओहोटी लागण्याआधी पाणी थोडा वेळ थांबतं, तेवढ्यातच भिंगाचं झाकण काढायचं. गणू वल्हं उचलून धरी आणि हळूच म्हणे, "पानी थांबलाय, घ्या बिगीन." मग आम्ही तिघेही श्वास धरून बसायचो. खाडीवर आवाज नसे. काठावरची झाडं जागच्या जागी लांब लांब जातायत असं वाटे. एका भरतीला फोटोची एकच काच. कधी सकाळ, कधी टळटळीत दुपार, कधी कातरवेळ. एक वेळ, एक उजेड, सगळं सुटलं. धरून राहिलं ते फक्त मागे बघणं.

तरी होडी ती होडीच. सगळ्या काचा किंचित हलल्या होत्या. डोंगरांच्या कडा विरघळल्या होत्या, झाडं पाण्यात उतरल्यासारखी दिसत होती. "फुकट गेलं सगळं," त्र्यंबक म्हणाला. फोटो तो दाखवायलाही तयार नव्हता. मीच त्याच्या हातातून हिसकावून काकूपुढे मांडले.

काकूने एकेक डोळ्याशी नेला. मग मुंब्र्याच्या डोंगरावर तिने बोट ठेवलं. "हाच. असाच हलत होता. डोळे पुसून पुसून पाहिलं तरी नीट दिसेना." मिठागरं आली, खाडीचं वळण आलं. काकूचे ओठ एखादं स्तोत्र म्हणत असल्यासारखे हलत होते. त्र्यंबक भिंतीला टेकून मुलासारखा रडत होता, आणि मीही रडलो. त्यात लपवायचं काय?

शेवटी तिने होडी सुटतानाचा, दुर्गाडीच्या घाटाचा फोटो उचलला आणि डोळ्याला अगदी भिडवला.

"घाटावर कुणीच नाही?"

"एक म्हातारे उभे होते, आई," त्र्यंबक घाबरून म्हणाला. "झाकण काढलं आणि ते पायऱ्या चढून निघून गेले. चालतं माणूस काचेवर उमटत नाही. पुन्हा काढू का?"

"नको, नको." काकूने फोटो छातीशी धरला. "तुझे आजोबा, आमचे नाना, तिथे उभे होते. वळण येईपर्यंत तसेच उभे. मी हात हलवला नाही, मी रागावले होते ना. तेव्हापासून डोळे मिटले की ते तिथेच दिसायचे, उन्हातान्हात." रिकाम्या पायऱ्यांवरून तिने अंगठा फिरवला. "गेले म्हणायचे घरी."

त्यानंतर त्या पाण्याने न्यायला तिने कधी सांगितलं नाही.